सिंगर, एल्विस आणि शोकाच्या वर्षीचा सण

१/२५ (थ्रेड)
धाराशिवसारख्या गावातील एखाद्या जुन्या शिंप्याच्या दुकानात पायाने चालवायचे काळे शिवणयंत्र आजही दिसू शकते. त्याच्या अंगावर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ हे नाव असते. याच कंपनीने १९६८ च्या डिसेंबरात अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील एका तासाच्या संगीत कार्यक्रमाचे प्रायोजकत्व घेतले होते. कार्यक्रम नाताळाचा ठरला होता आणि कलावंत होता एल्विस प्रेस्ली. प्रत्यक्ष प्रक्षेपणात मात्र नाताळाचे एकच गाणे उरले. असे का झाले, आणि उमरगा-सास्तूरच्या परिसरातील वाचकाला ही गोष्ट ओळखीची का वाटावी, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/२५
प्रथम या कार्यक्रमप्रकाराची ओळख. अमेरिकेत त्याला ‘ख्रिसमस स्पेशल’ म्हणतात. एखादा नामवंत गायक, स्टुडिओत उभारलेली बैठकीची खोली, कोपऱ्यात सजवलेले झाड, खिडकीबाहेर कागदी किंवा साबणाचा बर्फ. दारावरची घंटा वाजते, पाहुणा कलावंत ‘सहज’ येतो आणि दोघे मिळून नाताळगीत गातात. मराठी प्रेक्षकाला हे नवे नाही. आकाशकंदील, फराळाचे ताट, जरीचे कपडे आणि एकमेकांना शुभेच्छा देणारे कलाकार असा ‘दिवाळी विशेष’ त्याने अनेकदा पाहिला आहे. दोन्हींत सण पडद्यावर येतो, पण चित्रीकरणाची तारीख मात्र सणाच्या कितीतरी आधीची असते.

३/२५
या प्रकाराचे मूळ नभोवाणीत आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील नाताळगीतांची उपासना बीबीसीने १९२८ मध्ये प्रथम प्रसारित केली. २५ डिसेंबर १९३२ रोजी राजा पाचव्या जॉर्जने साम्राज्यातील प्रजेला उद्देशून पहिले नाताळ-भाषण केले. त्या भाषणाचा मजकूर रुडयार्ड किपलिंग याने लिहिला होता, ज्याचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला होता. दूरवरच्या प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज सणाच्या दिवशी थेट घरात येतो आणि घरातली सारी माणसे काम थांबवून तो ऐकतात, ही सवय तेव्हापासून लागली.

४/२५
पुढचा टप्पा २५ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. त्या रात्री बिंग क्रॉस्बीने आपल्या नभोवाणी कार्यक्रमात ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत प्रथम गायले. गीतकार आयर्विंग बर्लिन हा रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. नाताळ हा त्याच्या धर्माचा सण नव्हता. त्या दिवसाशी त्याचे खाजगी दुःख मात्र जोडलेले होते. त्याचा तान्हा मुलगा २५ डिसेंबर १९२८ रोजी दगावला होता. जगात सर्वाधिक खपलेले एकल गीत म्हणून ज्याची नोंद होते, त्या आनंदगीताचा कर्ता असा होता.

५/२५
युद्धकाळात परदेशी असलेल्या सैनिकांनी हे गीत पुन:पुन्हा मागितले. त्यात विजयाचा किंवा शौर्याचा उल्लेख नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाने पूर्वीच्या सणाची काढलेली ती आठवण आहे. पुढे एप्रिल १९७५ मध्ये सायगाव सोडण्याची वेळ आली, तेव्हा तेथील अमेरिकनांना बाहेर काढण्याचा सांकेतिक इशारा म्हणून सैनिकी नभोवाणीवरून हेच गीत वाजवले गेले. भर उन्हाळ्यात वाजलेल्या त्या नाताळगीताचा अर्थ होता : पळा, सारे संपले. सणाच्या गाण्याला सुखाइतकाच वियोगाचाही आधार असतो, हे या एका गीताच्या प्रवासातून दिसते.

६/२५
१९५० च्या दशकात नभोवाणीची जागा दूरचित्रवाणीने घेतली. २४ डिसेंबर १९५१ रोजी एनबीसीने जियान कार्लो मेनोत्ती याची ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ ही खास दूरचित्रवाणीसाठी रचलेली संगीतिका दाखवली. नंतर पेरी कोमो, अँडी विल्यम्स यांसारख्या गायकांचे नाताळ कार्यक्रम दरवर्षीचे झाले. तेव्हा देशभर जाणाऱ्या वाहिन्या तीनच होत्या. बहुतेक घरांत एकच संच असे आणि ध्वनिचित्रमुद्रणाची घरगुती सोय नव्हती. कार्यक्रम चुकला की गेला. त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण एकाच वेळी एकच गाणे पाहत. ‘रामायण’ मालिकेच्या काळातील आपल्याकडची रविवार सकाळ ज्यांनी ऐकून माहीत करून घेतली आहे, त्यांना ही एकाग्रता समजेल.

७/२५
या गोड चौकटीला पहिला मोठा तडा १९६३ मध्ये गेला. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. योगायोग असा की, निर्माता फिल स्पेक्टर याची नाताळगीतांची तबकडी त्याच दिवशी बाजारात आली होती. देश सुन्न असताना ती फारशी खपली नाही. त्या तबकडीत डार्लीन लव्ह या कृष्णवर्णीय गायिकेचे, दूर गेलेल्या प्रियजनाला नाताळासाठी परत बोलावणारे एक गीत होते. ते पुढे अजरामर झाले. १९८६ ते २०१४ या काळात ती ते गीत डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात जवळजवळ प्रत्येक डिसेंबरात गात असे. तिचे नाव लक्षात ठेवावे, ती या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

८/२५
केनेडींच्या हत्येनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९६३ रोजी, ज्यूडी गार्लंडच्या नाताळ कार्यक्रमाचे मुद्रण झाले आणि २२ डिसेंबरला सीबीएसवर तो दिसला. स्टुडिओत तिच्या ‘घराची’ बैठक उभारली होती. लायझा, लोर्ना आणि जोई ही तिची मुले खरीच होती. केनेडींशी तिची व्यक्तिगत मैत्री होती. चौकटीप्रमाणे तिने हसायचे होते आणि ती हसली. तरीही ते हसू आणि तो आवाज यांतले अंतर आजच्या प्रेक्षकालाही जाणवते. उघड श्रद्धांजली म्हणून ओळखले गेलेले तिचे गीत जानेवारी १९६४ च्या भागात आले. तोवर सण उलटला होता.

९/२५
गार्लंडच्या नाताळगीताची पूर्वपीठिकाही बोलकी आहे. ‘मीट मी इन सेंट लुईस’ या १९४४ च्या चित्रपटासाठी ‘हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस’ लिहिले गेले. गीतकार ह्यू मार्टिन याचा पहिला मसुदा इतका उदास होता की, लहान बहिणीची समजूत काढताना आपण असे गायलो तर प्रेक्षक आपल्याला निर्दय समजतील, असे तिला वाटले. तिच्या आग्रहावरून शब्द बदलले गेले. दुःख पूर्ण पुसायचे नाही आणि ऐकणाऱ्याला बुडवायचेही नाही, या दोहोंमधला मार्ग त्या दुरुस्तीने शोधला. सणाच्या गाण्यापुढचा मूळ पेच हाच आहे.

१०/२५
आता १९६८. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिस शहरात गोळी घालून हत्या झाली. मेम्फिस हे एल्विसचे गाव. गरीब गोऱ्या घरातला हा मुलगा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीते आणि त्यांचे ब्लूज संगीत ऐकत घडला होता. ५ जूनच्या पहाटे लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. त्याच महिन्यात, त्याच शहराच्या परिसरात एल्विसच्या नाताळ कार्यक्रमाची तयारी चालू होती.

११/२५
एल्विसची स्वतःची स्थितीही बिकट होती. १९५६ मध्ये ज्याने अमेरिकन तरुणाईला वेड लावले, तो सैनिकी सेवेनंतर हॉलिवूडच्या साच्यातील चित्रपटांत अडकला होता. मार्च १९६१ नंतर त्याने एकही जाहीर मैफल केली नव्हती. दरम्यान बीटल्स आले, बॉब डिलन आला, संगीत पुढे गेले. वय अवघे ३३, पण लोक त्याला मागच्या काळातला समजू लागले होते. त्याचा व्यवस्थापक ‘कर्नल’ टॉम पार्कर याने एनबीसीशी एक दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि एक चित्रपट असा करार केला. पार्करच्या मनातला कार्यक्रम सोपा होता : एल्विस उभा राहील, नाताळगीते गाईल, शुभेच्छा देईल आणि निरोप घेईल.

१२/२५
दिग्दर्शनासाठी स्टीव्ह बाइंडर या तरुणाची निवड झाली. त्याच्याविषयी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. त्याच वर्षी त्याने गायिका पेट्युला क्लार्क हिचा कार्यक्रम दिग्दर्शित केला होता. एका युद्धविरोधी गीतात तिने सहगायक हॅरी बेलाफोंटे याच्या दंडाला हात लावला. ती गोरी, तो कृष्णवर्णीय. प्रायोजक मोटार कंपनीच्या प्रतिनिधीने आक्षेप घेतला आणि दुसरे चित्रण वापरण्याचा आग्रह धरला. क्लार्क आणि बाइंडर यांनी नकार दिला. कार्यक्रम ८ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे किंग यांच्या हत्येनंतर चौथ्या दिवशी, त्या स्पर्शासह दाखवला गेला. प्रायोजकाचा दबाव म्हणजे काय, हे बाइंडर पुरता जाणून होता.

१३/२५
एनबीसीच्या बरबँक येथील स्टुडिओत जून महिन्यात तालमी सुरू झाल्या. दिवसभराच्या कामानंतर एल्विस वेशभूषेच्या खोलीत मित्रांसह गिटार घेऊन बसे, जुनी गाणी छेडे, गप्पा मारी. तालमीत न दिसणारा मोकळा एल्विस बाइंडरला तेथे दिसला. खोलीत कॅमेरा नेण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्याने ती खोलीच मंचावर आणायचे ठरवले. छोटा चौकोनी मंच, भोवती अगदी जवळ बसलेले श्रोते, मध्ये वर्तुळात बसलेले जुने साथीदार स्कॉटी मूर आणि डी. जे. फोंटाना. झाड, बर्फ, दारावरची घंटा यांपैकी काहीही नाही. काळा चामडी पोशाख आणि घामाने ओला चेहरा. हे मुद्रण २७ जून रोजी झाले.

१४/२५
कार्यक्रमात भक्तिगीतांचा एक भाग होता. त्यात साथीला ‘द ब्लॉसम्स’ हा कृष्णवर्णीय गायिकांचा गट होता आणि त्यात होती डार्लीन लव्ह. म्हणजे १९६३ मध्ये जिच्या नाताळगीताला देशाच्या शोकाने झाकून टाकले, तीच गायिका १९६८ च्या शोकवर्षात या ‘नाताळ’ कार्यक्रमात एल्विसच्या मागे उभी होती. गोऱ्या गायकाने कृष्णवर्णीयांच्या चर्चचे संगीत त्यांच्याच आवाजांसह, मुख्य वेळेत, सगळ्या देशापुढे गाणे, याला किंग यांच्या हत्येच्या वर्षी वेगळे वजन होते. त्यावर कोणी भाषण केले नाही, आणि तशी गरजही नव्हती.

१५/२५
खरा संघर्ष शेवटच्या गाण्यावरून झाला. पार्करला समारोपासाठी नाताळगीत हवे होते. बाइंडरला वाटत होते की, या वर्षी एल्विसने देशाशी काही बोलायला हवे आणि ते गाण्यातून बोलायला हवे. त्याने डब्ल्यू. अर्ल ब्राउन याला गीत लिहायला सांगितले. ब्राउनने लिहिलेले ‘इफ आय कॅन ड्रीम’ हे गीत किंग यांच्या ‘स्वप्ना’च्या भाषणाची स्पष्ट आठवण करून देणारे होते. पार्करचा विरोध होता. एल्विसने ते गीत पुन:पुन्हा ऐकले आणि आपण हेच गाणार असे सांगितले. आयुष्यभर व्यवस्थापकाचे ऐकणाऱ्या या गायकाच्या बाबतीत हा निर्णय लहान नव्हता.

१६/२५
३ डिसेंबर १९६८, मंगळवार, रात्री नऊ. कार्यक्रमाच्या शेवटी पांढऱ्या पोशाखातील एल्विस, मागे लाल दिव्यांनी लिहिलेले त्याचे प्रचंड नाव, आणि ते गीत. त्या वेळी टीव्ही पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के प्रेक्षक हा कार्यक्रम पाहत होते, असे मानले जाते. पार्करच्या समाधानासाठी तडजोड म्हणून ‘ब्लू ख्रिसमस’ हे एक नाताळगीत ठेवले होते, आणि तेही विरहाचे. ऑगस्ट १९६९ मध्ये पुनःप्रक्षेपणाच्या वेळी त्याजागी दुसरे गीत घातले गेले. नाताळ कार्यक्रमातला नाताळ अशा रीतीने पूर्णच गेला.

१७/२५
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे भारावून थांबू नये. हा कार्यक्रम व्यापारही होता. सिंगरने आपल्या दुकानांतून एल्विसची खास तबकडी विकली. अधिकृत नावातही कंपनी आधी आणि गायक नंतर होता. गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांवरील आपल्या टीकेतून सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते. पत्नीचे कष्ट पाहून केलेला तो प्रेमाचा शोध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६८ मध्ये तेच यंत्र विकण्यासाठी गाणे वापरले जात होते. शोकाच्या वर्षी खरे बोललेले गीत आणि जाहिरातीचा तास, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक मान्य केली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

१८/२५
या प्रकाराचे शेवटचे मोठे उदाहरण १९७७ चे. एल्विस १६ ऑगस्टला वारला. ११ सप्टेंबरला लंडनजवळच्या स्टुडिओत ७४ वर्षांचा बिंग क्रॉस्बी आणि ३० वर्षांचा डेव्हिड बोवी यांनी नाताळाचे युगुलगीत मुद्रित केले. ठरलेले ‘लिटल ड्रमर बॉय’ बोवीला आवडत नव्हते, म्हणून लेखक-संगीतकारांनी सुमारे सव्वा तासात त्याला जोडून शांततेविषयीचे नवे गीत रचले. १४ ऑक्टोबरला क्रॉस्बी स्पेनमध्ये गोल्फ खेळून झाल्यावर कोसळला आणि वारला. ३० नोव्हेंबरला अमेरिकेत कार्यक्रम दिसला, तेव्हा ‘घरी’ पाहुण्याचे स्वागत करणारा यजमान हयात नव्हता. सप्टेंबरात तयार केलेला तो नाताळ, प्रेक्षकांपुढे आला तेव्हा स्मरणसभा झाला होता.

१९/२५
यातले काहीही तेव्हा धाराशिवात, म्हणजे त्या काळच्या उस्मानाबादेत, दिसणे शक्य नव्हते. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. १९६८ मध्येही ती दिल्लीपुरतीच होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेल्यावर लहान शहरांत प्रक्षेपक उभे राहू लागले. तोवर सणाचा प्रसिद्ध आवाज रेडिओतून येई. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणे लावलेले असताना, आकाशवाणीवर लागणारे नरकासुरवधाचे कीर्तन हे मराठी घरांचे ‘दिवाळी स्पेशल’ होते. त्यात कीर्तनकार घराचा देखावा उभारत नसे. घर ऐकणाऱ्याचे असे.

२०/२५
नाताळाचे गाणे मात्र मराठीला परके नाही. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगितली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती भक्ती अभंगाच्या वळणावर नेली. आणि १० ते १२ जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, तरी संमेलन झाले. ‘सुबोध बायबल’च्या कर्त्याने गोरोबा काकांच्या नावाच्या साहित्यनगरीत अध्यक्षपद भूषवले.

२१/२५
ख्रिस्तजन्माच्या मूळ कथेतही शोक आहे. हेरोद राजाने बेथलेहेमातील बालकांची कत्तल केली, हा भाग मत्तयच्या शुभवर्तमानात येतो. ‘कॉव्हेंट्री कॅरल’ हे जुने इंग्रजी नाताळगीत त्या बालकांच्या मातांची अंगाई आहे. म्हणजे सणाच्या गाण्यात दुःखाला जागा देणे ही १९६८ ची नवी कल्पना नव्हती. दूरचित्रवाणीच्या प्रायोजकांनी ती जागा बुजवली होती, एल्विसच्या कार्यक्रमाने ती एका रात्रीपुरती मोकळी केली. मराठी लोकव्यवहारात ही जागा वेगळ्या पद्धतीने राखली जाते. ज्या घरात वर्षभरात माणूस गेले, तेथे दिवाळीत तेलाची कढई चढत नाही. भाऊबंद आणि शेजारी फराळाचे ताट आणून देतात. सण त्या घरी होत नाही, पण घर सणातून वगळलेही जात नाही.

२२/२५
मग सारे गावच दुखवट्यात असेल तर? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर-उमरगा परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचे आकडे ८ ते १० हजारांच्या दरम्यान दिले जातात. ५२ गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. या गावांत फराळाचे ताट कोणी कोणाकडे न्यायचे? शेजाऱ्याचेही घर पडलेले होते.

२३/२५
पंचांग मात्र थांबले नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर तुळजापुरात घटस्थापना आली, अखेरीस दसरा, नोव्हेंबरच्या मध्यावर दिवाळी. भूकंप आणि दिवाळी यांत अवघे सहा आठवडे. झी टीव्ही सुरू होऊन वर्षच झाले होते. सणांच्या कार्यक्रमांचा बाजार नुकता आकार घेत होता. त्या दिवाळीला पत्र्याच्या शेडमध्ये दिवा लागला का? संबळ वाजली का? रेडिओ असलेल्या घरात पहाटेचे कीर्तन लावले की बंद ठेवले? कोणत्या गाण्याला बायकांनी नको म्हटले आणि कोणते आपणहून म्हटले? या प्रश्नांची उत्तरे माणसांजवळ असतात. भूकंपाची तीव्रता आणि बांधलेल्या घरांची संख्या अहवालांत मिळते, पण अहवाल लिहिणारा सहसा गाण्याविषयी विचारत नाही.

२४/२५
याच जिल्ह्यातील तेर येथे संत गोरा कुंभारांची समाधी आहे. त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामस्मरणात रंगून चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आले आणि गोरोबांना कळले नाही. कथेच्या शेवटी नामदेवांच्या कीर्तनात मूल परत मिळते. चमत्कार बाजूला ठेवून पाहिले, तरी एक गोष्ट उरते. गाणे आणि अपत्यशोक या दोहोंना एकाच कथेत बसवणारी ही परंपरा आहे, आणि त्यात आईचा आक्रोश झाकलेला नाही. भजन निर्दोष आहे असेही ही कथा म्हणत नाही, आणि भजन सोडून द्या असेही म्हणत नाही. ज्यूडी गार्लंडने ज्या पेचातून वाट काढली, तोच पेच तेरच्या कुंभाराच्या घरात शतकांपूर्वी मांडला गेला होता.

२५/२५
सणाचा विशेष कार्यक्रम हे इतिहासाचे साधन आहे. तो पाहताना तीन प्रश्न विचारावेत : याचे मुद्रण केव्हा झाले, पैसे कोणी दिले आणि त्या वर्षीचे कोणते दुःख यात बोलले गेले नाही. एल्विसच्या तासाची चित्रफीत उपलब्ध आहे, म्हणून तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. १९९३ च्या दिवाळीची अशी चित्रफीत बहुतेक घरांत नाही. तेव्हा ३० वर्षांचा असलेला माणूस आता साठी ओलांडून गेला आहे. उमरगा, लोहारा, सास्तूर, औसा, निलंगा या भागातील ज्या वाचकांच्या घरी त्या वर्षाचे साक्षीदार आहेत, त्यांनी यंदाच्या दिवाळीत फराळाला बसताना एकच विचारावे : त्या वर्षी कोणी काय गायले होते? उत्तर आले तर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख यांसह वहीत लिहून ठेवावे. उत्तराऐवजी मौन आले, तर तेही तारखेसह नोंदवावे.
(थ्रेड समाप्त)